मळ्याची गावपळण

१६ सप्टेंबर

सौ. सुगंधा हिस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. अक्षया उचलते आणि म्हणते, "बाबा, आई पूजेला बसली आहे." सकाळी पूजा, दुपारी पूजा, संध्याकाळी पूजा. इतक्या वर्षांच्या संसारात तुला एवढं भक्तिमार्गाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्ता लिहिताना पोस्टातला मुलगा हसला. म्हणाला, "काकानु, काकी ओरोसाक गेली काय अमेरिकेक?" मी म्हटलं, "सध्या दोन्ही गाव सारखेच लांब."

घरी सगळं ठीक आहे. मांजरी तुझ्या पाटावर झोपते, मी उठवत नाही. कुळथाची पिठी करायला गेलो, ती पातेल्याला अशी धरली की पातेलं आता मागच्या पडवीत भिजत पडलं आहे. परवापासून भिजतंय. ते तू आल्यावर बघू.

मळ्यात भाताच्या लोंब्या बाहेर पडल्या आहेत. संध्याकाळी बांधावर, आपल्या मेरेवर जाऊन बसतो. तुला आठवतं का, मी मालवण-आचरा गाडीवर कंडक्टर असताना संध्याकाळची फेरी आपल्या मळ्यावरून जायची. तू इरलं पाठीवर घेऊन वाकलेली असायचीस. ड्रायव्हर गाडी हळू करायचा आणि मोठ्याने सांगायचा, "शिवा, तुझी बायल बघून घे, मगे डबल बेल मार." अख्खी गाडी हसायची. तू मात्र मान वर करायची नाहीस. तेव्हा तिकिटाच्या पाठीमागे मी लिहिलं होतं,

हिरव्या मळ्यात जशी एकटीच बगळी,
सुगंधा आमुची जगाहून वेगळी.

घरी आल्यावर ते तिकीट तुला दिलं आणि तू त्याने चूल पेटवलीस. म्हणालीस, "बगळी कोणाक म्हणतास? काळ्या माणसाक?" चौथीच्या वर्गात मास्तर छडीने टेबलावर ताल धरून कविता म्हणून घ्यायचे, तेव्हापासून हा रोग आहे मला. तो तुझ्या चुलीनेही बरा झाला नाही.

आता त्या दिवसाचं. गणपती गेल्यावर देवळात सभा भरली, नव्याच्या सणाला भाताची पहिली कणसं देवाला कुणाच्या मळ्यातून जायची हे ठरवायला. ठरवायला म्हणजे काय, विचारण्याची रीत. आईच्या आधीपासून तो मान आपल्या मळ्याचा. मोठ्या गावकरांनी विचारलं आणि मी उभा राहिलो. म्हटलं, यंदा आमच्या मळ्यातली कणसं देवाला नकोत, आमच्या मातीत औषधं सापडली आहेत. आणि खिशातला तपासणीचा कागद काढून वाचला. तू बायकांत, पायरीवर बसली होतीस. तुझ्या शेजारच्या बायका जरा सरकल्या, तेवढं मला दिसलं. जणू आपल्या घरात काही विटाळच झाला होता.

दुसऱ्या सकाळी तू पिशवी भरलीस. "मळो माझ्या नावार. मान माझ्या सासूचो. बोलणारे तुमी कोण? सगळ्या गावासमोर तिकीट फाडल्यासारखो माझो मान फाडलात."

तुझं ते वाक्य यमकात नव्हतं तरी बसलं.

पण तू आठवून बघ, मितेश तिथे कलिंगड घालायला लागला त्याच्या आधीचा मळा. मेरेच्या भोकात हात घातला की कुर्ली नांगीने बोट धरायची. रात्री बेडकांचा असा ओरडा की आई म्हणायची, "शाळा भरली." या पावसात किती बेडूक ऐकलेस तू? मी कान देऊन बसायचो. मला तो मळा हवा आहे, एवढंच. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं.

पट्टी अक्षया बदलते ना? पाय खाली सोडून फार बसू नकोस. असो.

अक्षयाचे बाबा


९ ऑक्टोबर

सौ. सुगंधा हिस,

अक्षयाने फोनवर तुझा निरोप सांगितला: "आई विचारते, भात कुणी कापलं?" म्हणजे तू पत्र वाचलंस. मला एवढं पुरलं, दोन दिवस मी मांजरीशीसुद्धा गोड बोललो.

भात वरच्या मळ्यातल्या बाबूने कापलं. त्याची माणसं घेऊन आला, मला मेरेवर बसवलं आणि म्हणाला, "काका, तुमी खंयचीतरी कविता म्हणा, आमी कापतो." मी म्हटली. त्याच्या माणसांतली एक बाई म्हणाली, "ह्यापेक्षा रेडिओ बरो." भात मळून, वाळवून कणगीत भरलं आहे. पीक असं आलं आहे की तू पाहिलं असतंस तर पदर खोचून उभी राहिली असतीस. मी त्यातलं खात नाही. रेशनचा तांदूळ शिजवतो. तपासणी मातीची झाली, दाण्याची नाही, हे मला कळतं. तरी हात जात नाही. आणि तुझ्या कष्टाचं भात विकावं किंवा टाकावं असंही मला वाटत नाही. म्हणून कणगीला रोज बाहेरूनच हात लावून येतो.

नवं त्याआधीच झालं. कणसं बाबूच्या मळ्यातून गेली. पहाटे तो कापायला उतरला, मी आपल्या मेरेवर उभा होतो. हा पहिलाच नव्याचा दिवस, आपल्या घरातून कोयती बाहेर पडली नाही. मला तुझं पहिलं वर्ष आठवलं. आईने तुझ्या हातात कोयती दिली आणि तू एवढी घाबरलीस की कणसांबरोबर स्वतःच्या लुगड्याचा काठही कापलास. आई ओरडेल म्हणून तू काठ मुठीत लपवलास. आईने तो बघितला, कणसांच्या जुडीला त्यानेच गाठ मारली आणि म्हणाली, "देवाक आता सुनेची वळख पटात." तुझं नाव मळ्याला लावायचं तिने त्याच दिवशी ठरवलं असणार. मला लावायचं तिच्या कधी मनातही आलं नाही. शहाणी बाई.

बाबू कणसं डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "काका, माझ्या मनात काय नाय हां. पुढच्या वर्षाक मान परत काकीक." मी म्हटलं, "चल, देव खोळंबलाय."

सुगंधा, तू चुकलीस असं मी सभेत म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. माझे गुडघे गेले, आपण बैल विकले, शेण कुठून येणार? मितेशने विचारलं, भात निघालं की चार महिने मळा द्या, कलिंगड घालतो, माती तयार करून परत देतो. पोरगा नम्र, बोलण्यात गोड. त्याने चंदेरी प्लास्टिक अंथरलं, पाठीवर पंप घेऊन आठवड्याआड फवारलं, आणि पोल्ट्रीचं कोंबडीखत ट्रकने आणून टाकलं. मग या पावसात आपलं भात कमरेपर्यंत आलं. तू म्हणालीस, "बघा, न बोलता पिकता तां ह्या." मीही दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्या.

कुणाला ठाऊक होतं, त्या कोंबड्यांना खाण्यातून औषधं देतात, माणसाला ताप-जखमेला देतात तसलीच. ती त्यांच्या विष्ठेतून खतात येतात आणि खतातून मळ्यात. अक्षयाने प्रयोगशाळेतल्या बाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, हे विष खाऊन माणूस पडावा असं नाही. पण मातीतल्या जंतूंना त्या औषधाची सवय होते. मग तेच औषध माणसाला लागतं तेव्हा जंतू त्याला जुमानत नाहीत. फवाऱ्याचा अंशही होताच, तो वेगळा. नवीन काही घालू नका, ऊन-पाऊस लागू दे, वेळ द्या, असं त्या म्हणाल्या.

आईच्या मळ्याला औषध चढलंय, असं ते ऐकून मला वाटलं. आजारी न पडताच.

पाय कसा आहे ते अक्षया नीट सांगत नाही. "बरा आहे" म्हणते. बरा म्हणजे टाच टेकतेस का?

अक्षयाचे बाबा


४ नोव्हेंबर

सौ. सुगंधा,

दिवाळीत तू येशील म्हणून पोहे आणून ठेवले होते. मीच खाल्ले. गोडे, तिखटे, दह्यातले. तुझ्यासारखे एकही झाले नाहीत.

काल मितेश आला. चपला बाहेर काढून, खाली मान घालून बसला. म्हणाला, "काका, काकीन दोन हंगामाचो शब्द दिल्यान हा. एक झालो, एक ऱ्हवलो. आता रोपा तयार आसत, कोंबडीखताची गाडी सांगान ठेवलंय. मळो देतास मां?"

मी म्हटलं, "मळा काकीचा. ओरोसला जाऊन विचार."

"थंय जावन इलंय," तो म्हणाला. "काकी म्हणता, काकांक विचार."

मला हसू आलं. तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला चहा केला, तो त्याने संपवला, यावरूनच पोरगा सभ्य आहे हे कळतं. पण मी त्याला काही उत्तर दिलं नाही. एकदा तुझ्या मळ्यावर तुला न विचारता बोललो, पुन्हा बोलणार नाही. पंधरवड्याने येतो म्हणून गेला. म्हणजे काय ते तुलाच ठरवायचं आहे, आणि तोवरच वेळ आहे.

आणि ऐक. गावपळणीचा कौल झाला! देवाने उजवा दिला. मार्गशीर्षात गाव सोडायचा. देवळासमोर ऐकताच पोरं ओरडत सुटली, कोंबड्या कुणाच्या कुठे बांधायच्या यावर बायकांची भांडणंही सुरू झाली. मुंबईचे लोक फोनवर विचारतात, खरंच का हो तुम्ही सगळे तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा टाकता? माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं वेशीबाहेर? मी म्हणतो, हो, चुलीतली राखसुद्धा गार होते.

आपली पहिली गावपळण आठवते? अक्षया तान्ही होती. पलीकडच्या भरडावर, उघड्या माळावर, माडाच्या झापांची झोपडी बांधली होती, ती मी बांधली म्हणून वाऱ्याने एका बाजूने बसली. तू अक्षयाला साडीच्या झोळीत घातलं होतंस. बाहेर कुणी फुगडी घालत होतं, कुणी गजाली मारत होतं. आणि तू मला म्हणालीस, "ऐका, गावातसून कसलोच आवाज येत नाय." आपण दोघं उभे राहिलो. घराघरातून काही नाही. रहाट नाही, कुत्रं नाही. तुला त्या गावाची कीव आली होती की हेवा वाटला होता, मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, गाव झोपला होता. आपण सगळे त्याच्या अंगावरून उतरलो होतो.

चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा अंगणात मोराची पिसं होती आणि तुळशीपाशी कसलीशी लहान पावलं उमटली होती. तू ती सारवलीही नाहीस त्या दिवशी.

माणसं राहून राहून दमवतात म्हणून गावाला विसावा देण्याची बुद्धी आपल्या पूर्वजांना झाली. मग मळ्याला का देऊ नये? एखादं वर्ष. त्याच्या अंगावरून आपण सगळ्यांनी उतरायचं: कलिंगड, भात, पंप, ट्रक, मी आणि तू. त्याची त्याला गावपळण करू दे. मला हे सुचलं तेव्हा ओळी आपोआप जुळू लागल्या, पण लिहीत नाही. तू चूल पेटवशील.

येशील ना? झोपडीसाठी झापं सांगून ठेवतो.

अक्षयाचे बाबा


१३ नोव्हेंबर

सुगंधा,

काल अक्षया फोनवर रागावली. म्हणाली, "बाबा, आईला वाटतं तुम्हाला बेडूक आणि बगळे हवेत, कवितेत घालायला. त्यासाठी तुम्ही तिला गावासमोर खाली बघायला लावलंत. तुमची सगळी पत्रं वाचून तर तिला आणखीच खात्री पटली." मग म्हणाली, "ती रात्री पत्रं उशाखाली ठेवते, ते मी सांगितलं नाही हां."

म्हणून आज सरळ लिहितो. जमेल तसं.

लावणीला तू नेहमीसारखी अनवाणी उतरलीस आणि टाचेत काहीतरी घुसलं. प्लास्टिकचा तुकडा की शिंपला, कळलं नाही. तू हळद भरलीस आणि पुन्हा चिखलात गेलीस. पाय सुजला. गावच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. सूज पोटरीवर आली. तुला दवाखान्यात ठेवलं, तिथलं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर तुझ्या खाटेजवळून बाहेर आले आणि अक्षयाला म्हणाले, "हेही औषध लागू पडत नाहीये. दुसरं बघू."

तुला तापात काही कळत नव्हतं. मी बाकावर बसलो होतो. भीती वाटली की मी कविता म्हणतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणून चौथीतली म्हणायला घेतली, जी मला झोपेतही येते. पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. पाचवीतली घेतली, तीही नाही. सगळं पुस्तक कोरं झालं होतं. समोर पांढरी भिंत, आणि आत अक्षया तुझ्या कपाळावर हात ठेवून. सुगंधा, तेवढा रिकामा मी कधी झालो नव्हतो.

मग तिसरं औषध लागू पडलं. तू त्यानंतर चौथ्या दिवशी डोळे उघडून म्हणालीस, "लावणीचो तरवो सुकलो काय?"

तू घरी आल्यावर मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मळ्यातली माती भरली आणि अक्षयाकडे दिली. ती कुठे तपासून मिळते ते तिने शोधलं. कागद आला तेव्हा त्यात जे औषध होतं, ते तुला आधी दिलेल्या एका औषधाच्या घराण्यातलं निघालं. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आजोबा, जखमेतले जंतू मातीतूनच आले असं यावरून म्हणता येत नाही. कुठूनही येतात." अक्षयाही तेच म्हणाली. मला मान्य आहे. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. तू पुन्हा त्या चिखलात उतरायला नको होतीस, एवढंच हवं होतं. आणि नव्याची कणसं देवाला द्यायची म्हणजे कोयती घेऊन तूच उतरणार, ओल्या टाचेने. कुणाचं ऐकणारी तू नव्हेस.

हे तुला चुलीपाशी बसून सांगता आलं असतं. दोनदा तोंड उघडलं. एकदा तू मिरच्या भाजत होतीस, म्हणालीस, "सरका, ठसको लागात." दुसऱ्यांदा मीच म्हटलं, पाऊस थांबला वाटतं. तू मरशील या भीतीचं मी तुझ्याशी बोलू कसं? आपल्यात तसलं बोलणं कधी झालंच नाही. म्हणून देवासमोर उभं राहून बोललो. तिथे निदान कागद हातात होता, वाचायचं होतं.

बेडूक मला हवे आहेत, ते खोटं नाही. पण बेडकांविना मी जगेन.

मितेश चार दिवसांत येईल. तू हो म्हण, नाही म्हण. मी त्याला तुझाच शब्द सांगेन. मळा तुझा आहे. मला फक्त तू त्यात अनवाणी नको आहेस.

शिवा


ओरोस, २० नोव्हेंबर

अक्षयाच्या बापाशीक,

तुमच्याच कागदाच्या मागल्या बाजूक लिवतंय. एवढो मोठो कागद घेतास आणि मागची बाजू कोरी सोडतास, ती कोणासाठी?

पत्रा सगळी मीच वाचलंय, चष्मो लावन. अक्षयाक वाचूक दिलंय नाय. ती बगळीची ओळ तुमी तेव्हा गाडीतल्या लोकांक म्हणान दाखयली होतात, ता माका दुसऱ्याच दिशी बाजारात कळलेला. म्हणान चुलीत घातलंय.

पाय बरो आसा. टाच टेकता. जिने चढतंय, उतरतंय.

मळो माझो, पाय माझो, आणि खबर आधी देवाक, मगे गावाक, आणि माका पोस्टान! मिरच्यो भाजून झाल्यो काय बोलूक येय नाय होता? तुमी माका सांगला असतात, तर देवळात मीच उबी ऱ्हवान सांगला असतंय. कोणाची सरकूची छाती झाली नसती. ह्या मी इसारतलंय, पण येवढ्यात नाय.

मितेश परत हय इललो. तेका नाय म्हटलंय. सांगलंय, बाबा, शब्द मी मोडतंय, तुझो काय दोष नाय, तुकाय कोणी सांगूक नाय होता. रोपांचा तेचा नुकसान होता म्हणान माका वायट वाटला. मळ्यात यंदा ताग घालूचो आणि फुल येवच्या आधी मातयेत गाडूचो. कणगेतला भात आसा तसा ऱ्हवांदे, दाणोय तपासूक देवया, मगे काय ता बघूया. उंदरांवर नजर ठेवा, नुसतो हात लावन येव नकात. मी दोन जोड रबरी बूट घेतलंय. मळ्यात जाताना दोघांनीय घालूचे. सासूबाय वरसून काय म्हणतली ती म्हणांदे.

गावपळणीक येतंय. झोपडी तुमी बांधू नकात, माथ्यार पडात. ती बाबूक सांगा.

आणि बाबूकडे ह्या पत्र वाचल्या वाचल्या जावा, जेवक बसू नकात. माझ्याकडसून उठान मितेश म्हणालो, "मगे काकी, मी बाबूच्या मळ्यात कलिंगडा घालतंय, तो परवा हो म्हणालो." बाबूचो मळो वर, आमचो खाली. तेचा पाणी खंय येता, तुमका म्हायती आसा. यंदा देवाक कणसा तेच्याच मळ्यातली गेली, तेच्या बायलेन कापणीक चपल घातल्यान काय, विचारा. तो चाय देयत. चाय पिया. मगे तुमी सुरू करशात, पयलो मळो कसो होतो, बेडूक कशे होते. करू नकात. कविता एकय म्हणू नकात. माझ्या पायाचा सांगा.

सुगंधा